कोळ्यावरचं औषध

नरांची पिलं आधी मारायची असतात. कामकरी मधमाश्यांच्या पिलांवर मेणाची सपाट झाकणं असतात, नरांची झाकणं फुगलेली, छऱ्यांसारखी गोल. पोळ्याच्या चौकटीच्या खालच्या कडेला त्यांचा पट्टा असतो. मी भाजी चिरायची सुरी गरम पाण्यात बुडवली आणि तो पट्टा कापून काढला. मग परात मांडीवर घेऊन एकेक झाकण उचकटलं आणि आतलं पिलू टाचणीने बाहेर ओढलं. पांढरं, मऊ, पाय पोटाशी दुमडलेले, डोळ्यांना नुकता जांभळा रंग चढलेला. त्याच्या पोटाला तांबडे कोळी चिकटून बसले होते. खसखशीपेक्षा थोडे मोठे, चपटे, चकचकीत. उजेड पडल्याबरोबर ते आडवे पळायला लागले. मी त्यांना नखाखाली धरलं. टच असा बारीक आवाज येतो. तो ऐकू येतो हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

मोठी आई ओट्यावरून म्हणाली, "काय निवडी राहिनी व माय? तांदूळ का?"

जवळ येऊन तिने परातीत पाहिलं आणि पदर तोंडाला लावून परत गेली. ती परात तिने पुन्हा कधी स्वयंपाकाला वापरली नाही.

या कोळ्याला इंग्रजीत व्हरोआ म्हणतात. पिलाच्या घरावर झाकण बसायच्या जरा आधी तो आत शिरतो, आतच अंडी घालतो आणि पिलाच्या अंगाला भोक पाडून सगळं कुटुंब त्यावर जगवतो. नराचं पिलू मोठं व्हायला जास्त दिवस घेतं, म्हणून कोळ्याची पहिली पसंती त्याला. माणसाने याचा फायदा घ्यायचा. नर वाढू द्यायचे, कोळी आत गेले की दोघांनाही एकदम कापून काढायचं. वाचताना हे मला हुशारीचं वाटलं होतं. परात भरल्यावर तसं वाटलं नाही, पण मी थांबलेही नाही.

मी जळगावात वाढले, शाळा इंग्रजी माध्यमाची. सुट्टीत गावी आलं की नानांची अहिराणी कानावर पडायची. ती मला सगळी समजते, पण बोलायला तोंड उघडलं की लाज वाटते. त्यामुळे गावात मी मुकी समजली जाते. जळगावातही फार वेगळं नाही. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. पारोळ्याच्या पुढे त्यांची शेती आहे, मुख्य पीक कपाशी. शेतीचं शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले, आणि त्याच वर्षी त्यांनी बियाण्यासाठी कांदा लावायचं ठरवलं. तयार कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला उंच दांडा येतो आणि टोकावर पांढऱ्या फुलांचा गेंद. त्याला डोंगळा म्हणतात. माश्या आल्या नाहीत तर डोंगळा नुसता फुलतो आणि पोकळ वाळतो, बी धरत नाही.

मी म्हटलं, "मी माश्या पाळू?"

घरात मी स्वतःहून मागितलेली ती बहुतेक पहिलीच गोष्ट. नानांनी विहिरीजवळचा अख्खा तुकडा डोंगळ्याला देऊन टाकला. "तुना भरोसावर," एवढंच म्हणाले. म्हणजे फुलं येईपर्यंत माझ्या पेट्या जिवंत राहायला हव्या होत्या. मला बाकी कशाचीच एवढी भीती वाटत नव्हती.

चार पेट्या फैजपूरकडच्या एका भाऊंकडून आल्या. ते पिकअपमधून उतरले आणि उघड्या हातांनी झाकण काढून म्हणाले, "ताई, इटालियन माशी आहे. एकदम गरीब. चावत नाही." तेवढ्यात त्यांच्या कानाला एक चावली. त्यांनी चापट मारून तिचा चेंदा केला. "ही चुकून," ते म्हणाले. नाना खदाखदा हसले. कोळ्यांबद्दल भाऊ काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला सगळं माहीत आहे असं मला वाटत होतं.

दिवाळीच्या सुमारास पेट्यांसमोर माश्या रांगताना दिसायला लागल्या. नुकत्या जन्मलेल्या, अंगावर अजून लव, आणि पंख चुरगाळलेल्या कागदासारखे. त्या गवताच्या काडीवर चढायच्या, उडायचा झटका द्यायच्या आणि पडायच्या. मुंग्या त्यांना जिवंतपणीच ओढून न्यायच्या. आतल्या माश्याही त्यांची गय करत नव्हत्या. दोघी-तिघी मिळून एकीला दाराबाहेर ढकलायच्या. ती परत आत यायला बघायची, की तिला पुन्हा धरून फळीवरून खाली फेकायच्या. घरच्या कोंबड्यांना हे कळायला वेळ लागला नाही. सकाळी कोंबडा सगळ्यांच्या आधी पेटीसमोर येऊन उभा राहायचा.

"देख, कोंबड्यासनी दिवाळी व्हयी गई," नाना म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हसणं आवरलं. "काय रोग शे? बोल ना व मॅडम. तोंडले कुलूप लायेल शे का?"

माझ्याकडे सांगायला होतं ते सगळं इंग्रजीत होतं. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि शेवटी म्हटलं, "कोळी आहेत. कपाशीवर लाल कोळी येतो ना, तसे."

"हात्तिच्या! कोळी!" ते म्हणाले, आणि त्यांची काळजी तिथेच संपली.

मी नर कापले ते त्यानंतरच्या आठवड्यात. पण नर कापून भागणार नव्हतं. कोळी कामकरी पिलांतही शिरले होते आणि मोठ्या माश्यांच्या पोटाच्या खवल्यांमध्येही दडलेले होते. मी धुळ्याला जाऊन फॉर्मिक ॲसिड आणलं. औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटलीत ते ओतायचं, कापसाची वात लावायची आणि बाटली पेटीत चौकटींशेजारी उभी करायची. वाफ झाकणांतून आत जाते आणि बंद घरातल्या कोळ्यालाही मारते. तापमान जास्त असलं तर माशीला आणि राणीलाही मारते. थंडीतही आमच्याकडे दुपार तापते, म्हणून मी पहाटे बाटल्या ठेवायची आणि ऊन चढायच्या आत काढायची.

पहिल्या दिवशी पेटीतून असा आवाज उठला की मी मागे सरकले. सगळ्या माश्या एकदम पंख फडफडवत होत्या, वाफ बाहेर ढकलत होत्या. दारातून त्यांचा लोंढा बाहेर आला आणि पेटीच्या तोंडावर दाढीसारखा लोंबकळला. मोजताना माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ॲसिड सांडलं. आधी गार वाटलं, मग कातडी पांढरी पडली आणि संध्याकाळी फोड आले. मी बोटं ओढणीत लपवून जेवले. डाव्या हाताने घास घेत होते, तरी कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला उगाच वाटलं.

पेटीच्या तळाशी मी तेल लावलेला पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो बाहेर ओढला तर त्यावर तांबडे ठिपके पडले होते, जणू कुणी मोहरी सांडली. काही मेलेले, काही तेलात पाय हलवत असलेले. मी पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले आणि हलणारे एकेक करून चिरडले. खरं तर त्याची गरज नव्हती, तेलातून ते सुटणार नव्हतेच. मला ते करायचं होतं. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेली मी त्या पुठ्ठ्यावर वाकून दात-ओठ खात होते. मान वर केली तेव्हा नाना गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांची नजर पुठ्ठ्यावर नव्हती, माझ्या बोटांवर होती.

पुठ्ठ्यावरचे ठिपके रोज कमी होत गेले. रांगणाऱ्या माश्याही कमी झाल्या. सगळ्यात जोरदार पेटी विहिरीकडची होती. तिच्यात नवी पिलं भरायला लागली होती, डोंगळ्याला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडणार होती. औषधाला थोडा खंड द्यायचा होता, म्हणून मी आईला भेटायला जळगावला गेले.

दोन रात्री राहून परत आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वाटेवरूनच मला वास आला. फवारणीच्या दिवसांत सगळ्या शिवाराला येतो तो, तोंडात कडू चव आणणारा. विहिरीकडच्या पेटीसमोर माश्यांचा ढीग पडला होता. कोरडा ढीग नव्हे, हलत होता. पाठीवर पडून गरगर फिरणाऱ्या माश्या, एकमेकींच्या पायांत अडकलेल्या, प्रत्येकीची जीभ बाहेर लोंबलेली. मी झाकण काढलं. चौकटींमधून माश्या खाली गळून तळाशी चार बोटं थर झाला होता. वरच्या माश्या खालच्यांना तुडवत दाराकडे जात होत्या आणि दारापाशी पोचल्यावर कोसळत होत्या.

नाना ओट्यावर बसले होते. एक डोळा पूर्ण मिटलेला, वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला, हात कोपरापर्यंत टम्म. मोठी आई त्यांच्या कपाळावर चुना लावत होती.

"तुम्ही काय मारलं?" मी विचारलं.

"कोळीनं औषध. कपाशीनं उरेल व्हतं." ओठामुळे त्यांचे शब्द घसरत होते. "मोठी पेटीपासून सुरुवात करी. बाकीना माश्यासनी करू दिधं नही. बठ्ठ्या आंगवर उन्या." त्यांना अजूनही काम अर्धं राहिल्याचीच खंत होती. "सकाये उरेल तीन करी टाकसू."

 पंप गोठ्याला टेकून उभा होता, पाठीवर बांधायचा, निळा, अजून ओला. मी तो दोन्ही पट्ट्यांनी उचलला आणि जनावरांच्या दगडी हाळाच्या काठावर आपटला. पहिल्यांदा नुसताच उसळला. दुसऱ्यांदा दांडा वाकला. मग मी उलटा धरून, सगळं अंग लावून मारत सुटले. टाकी तडकली, उरलेलं पाणी माझ्या पायांवर उडालं, गाय दावं ताणून मागे सरली. नळी हाताने तुटेना तेव्हा तिच्यावर पाय देऊन ओढली. फोड फुटून बोटांतून रक्त यायला लागलं होतं ते मला मोठ्या आईने नंतर दाखवलं.

"माश्या मारल्या तुम्ही माझ्या!" मी ओरडले. "मला विचारलं का? एकदा तरी विचारलं का?"

शेजारच्या शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बोलनी," नाना म्हणाले. "देख व, मॅडम बोलनी." चेष्टा करायचा त्यांचा प्रयत्न होता, पण आवाज लागला नाही. मग हळू म्हणाले, "तुना बोटं जळी गयथात. मी म्हणं, पोरनी कितलं सोसाव. तुनासाठेच मारं मी."

"आते तुम्ही चूप बसा," मोठ्या आईने त्यांना दटावलं आणि चुन्याची वाटी खाली आपटली.

मी फैजपूरच्या भाऊंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राणी जिवंत आहे?"

मी बघितलं. राणी होती. मेलेल्यांवरून चालत होती, मागे मूठभर माश्या. जिथे जागा मिळेल तिथे पोट टेकवून अंडं घालायचा प्रयत्न करत होती.

"जाळा ताई," भाऊ म्हणाले. "मध, मेण, माश्या, सगळं. बाकीच्या पेट्यांना वास लागला की त्या हा मध लुटायला येणार. विष पण नेतील, कोळी पण नेतील. आज अंधार पडायच्या आत."

लूट सुरू झालीच होती. माझ्याच दुसऱ्या पेट्यांमधल्या माश्या दारातून आत घुसत होत्या. दाराशी उरलेल्या दोन-चार राखणदार, पाय लटपटत असलेल्या, त्यांच्यावर तुटून पडत होत्या. पंख धरून ओढायच्या, डंख खुपसायच्या, आणि दोघीही गुंडाळी होऊन फळीवरून पडायच्या. मी दारात चिखल कोंबला. येणाऱ्या लुटारू चिखलावर डोकं आपटत राहिल्या.

सूर्य खाली गेला तशा त्या परतल्या. नाना काठी टेकत आले. "मी करी देऊ का?" त्यांनी विचारलं. ही पहिली वेळ होती की त्यांनी मला आधी विचारलं.

"नको. खड्डा खणा."

एका हाताने त्यांनी खड्डा खणला. मी बादलीत साबणाचं दाट पाणी कालवलं. आधी राणीला उचललं. ती बोटांत फार मऊ असते आणि चावत नाही. तिचा डंख फक्त दुसऱ्या राणीसाठी असतो. तिने पायांनी माझं नख घट्ट धरलं. मी अंगठ्याने तिचं डोकं दाबलं. मग झाकण काढून बादली पेटीत उपडी केली. एक फुत्कार आला, जसा तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावर येतो, आणि बंद झाला. ओल्या माश्या काळ्या दिसतात. खालच्या बऱ्याच वेळ हलत होत्या. मी त्या हलायच्या थांबेपर्यंत उभी राहिले, अर्धमेल्या माश्या जाळायच्या नव्हत्या मला. चौकटी खड्ड्यात टाकल्या, नानांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा वर टाकून पेटवला. मेण धडाडून पेटलं. नव्या पिलांची झाकणं उष्णतेने फुटत होती. नाना धुरात उभे होते, सुजल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते धुराचं असावं. 

पुढचे दोन दिवस तिन्ही पेट्या एकमेकींवर धावून गेल्या. लुटीची चटक लागली की माश्यांना फुलं दिसत नाहीत. मी प्रत्येक दार लाकडाची पट्टी ठोकून एका माशीपुरतं केलं. त्या फटीत मारामारी चालू राहिली, सकाळी फळीखाली मुंडकी आणि पंख वेगवेगळे पडलेले असायचे. मग हळूहळू ते थांबलं. मी पुन्हा पहाटे बाटल्या ठेवल्या, हातमोजे घालून. नाना कंदील धरायला यायचे आणि लांब उभे राहायचे. पुठ्ठ्यावर एक-दोन ठिपके पडायचे, कधी एकही नाही.

डोंगळा फुलला तेव्हा विहिरीजवळचा तुकडा पांढरा झाला. तीन पेट्यांच्या माश्या पहिल्या उन्हापासून त्यावर असायच्या. आणि मग गेंदांमध्ये फुलकिडे आले. बारीक, पिवळसर, फुलाच्या देठात घुसून रस ओढणारे. पाच-सहा दिवसांत कडेचे दांडे करपल्यासारखे दिसायला लागले. असंच चाललं तर माश्या असूनही बी हाती लागणार नव्हतं.

एका दुपारी नाना बांधावर आले. नवा पंप पाठीवर होता, त्यात नुसतं पाणी. औषधाची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "वाच," ते म्हणाले. "इंग्लिशमा शे. माश्या मरतीन का?"

मी वाचलं. बारीक अक्षरांत मधमाश्यांना घातक असं लिहिलं होतं. फूल ओलं असताना माशी बसली तर मरणार होती, वाळल्यावर धोका कमी. किती कमी ते लिहिलं नव्हतं. नाना वाट बघत होते. कडेचे करपलेले दांडे मला बांधावरूनही दिसत होते.

"मारा," मी म्हटलं. "पण उन्हं उतरल्यावर. सगळ्या आत आल्या की मी दारं बंद करते. मी सांगेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही."

"मान्य, मॅडम," ते म्हणाले आणि बांधावर बसून राहिले.

शेवटची माशी आत गेल्यावर मी तिन्ही दारांत ओल्या गोणपाटाचे बोळे कोंबले आणि हात वर केला. नाना ओळींमधून चालू लागले. पंपाच्या दांड्याची खटखट दूर जात होती, परत येत होती. वास आल्याबरोबर पेट्या भणाणल्या. मी मधल्या पेटीच्या झाकणावर हात ठेवला, तर लाकूड थरथरत होतं. आत त्या हवेसाठीच्या जाळीवर, दारावर, एकमेकींवर आपटत होत्या. बोळे काढून टाकावेत असं मला दोनदा वाटलं. काढले नाहीत.

सकाळी दव पूर्ण सुकेपर्यंत मी दारं उघडली नाहीत. नाना तोवर तिथेच, चहाही न घेता. बोळा काढला तर आधी काहीच बाहेर आलं नाही. मग दारातून काही मेलेल्या माश्या ढकलल्या गेल्या, रात्री गर्दीत चेंगरलेल्या, आणि त्यांच्यावरून उरलेल्यांचा झोत उसळून थेट डोंगळ्यावर गेला. मी दुपारपर्यंत ओळींमधून वाकून बघत फिरले. पाठीवर पडलेली, जीभ बाहेर काढलेली एकही दिसली नाही.

"किती मरन्यात?" बांधावरून नानांनी ओरडून विचारलं.

"चेंगरून मेल्या तेवढ्याच," मी तितक्याच मोठ्याने ओरडले.

पेटीच्या फळीवर एक माशी मेलेलीला पायांत धरून उडायचा प्रयत्न करत होती. ओझं जड होतं. पहिल्या वाफ्यापर्यंत पोचली, तिथे तिला टाकलं आणि फुलांकडे वळली.